मेंढरांपाशी थांबलेला माणूस

मामा, उद्या तुमचं तेरावं, आणि आत्ता तुमच्या अंगणात बुंदी की जिलबी यावरून वाद पेटलाय. दोन्ही बाजू तुमचंच नाव पुढं करून भांडतायत. तुमचा रामा म्हणतो, दादांना बुंदी आवडायची. माझी आई, म्हणजे तुमची धाकटी बहीण, म्हणते, "तुला काय ठाऊक रं? तू जन्मायच्या आधीपासून मी त्याला खाताना बघून राह्यले. जिलबीच." मला तुमची खरी आवड माहीत आहे. दवाखान्यातल्या नाताळच्या केकचा कडेचा, थोडा करपलेला तुकडा. पण तेराव्याला केक ठेवा असं मी म्हणालो असतो, तर आईनं मला पंगतीतून उठवलं असतं. म्हणून ओट्यावर कोपऱ्यात बसून हे लिहितोय. लोकांना वाटतंय, बापू खर्चाचा हिशेब मांडतोय. वाटू दे.

भेटायला येणारी माणसं आधी माझ्याकडं बघतात. मोठा भाचा, मामाचा लाडका, हा नक्की हंबरडा फोडणार, असा त्यांचा अंदाज. मी खाली मान घालून बसतो, कारण चेहऱ्यावर जे आहे ते अशा ठिकाणी दाखवायची सोय नसते. मला हायसं वाटतंय, मामा. तुमचा तो शेवटचा महिना मी पाहिला. एक श्वास वर खेचायला अख्खं अंग कामाला लागायचं. ज्या दवाखान्याच्या फाटकावर तुम्ही उभी हयात राखण केली, त्याच दवाखान्यात, फाटक दिसेल अशा खाटेवर तुम्हाला ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी शालिनी सिस्टर बाहेर आल्या. रामा आणि मी व्हरांड्यात उभे होतो. त्यांनी रामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुखरूप गेले."

मला तो शब्द खटकला. सुखरूप माणूस येतो, पोचतो. सुखरूप जातं का कुणी? पण सिस्टर तुमच्याच दवाखान्यातल्या, तुमच्याच जुन्या भांडणातल्या. हा शब्द त्यांनी कुठून उचलला ते मला नंतर उमगलं. त्याचं सांगतोच.

आधी आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं ना.

दर वर्षी नाताळ झाला की तुम्ही पिशवीत करंज्या, शंकरपाळे आणि केकचा डबा घालून जालन्याला माझ्या घरी यायचे. रामाही त्याच्या स्टील मिलमधून सुटून थेट यायचा. मग आपण तिघं पंचायत भरवायचो, विषय एकच. कुणाच्या कामावरचा नाताळ भारी? तिघांपैकी एकही ख्रिस्ती नाही, पण चर्चा अशी रंगायची की बायको आतून विचारायची, "तुमच्यापैकी कुणाला पाद्री व्हायचंय का?"

रामाचा मुद्दा पहिला असायचा, कारण त्याला परत पाळीला जायचं असायचं. मिलमध्ये भट्टी थांबत नाही. तिथं एक केरळचा इंजिनियर आहे, तो घरून भला मोठा केक करून आणतो. पण मिलच्या लोकांना सण म्हटलं की एकच रीत ठाऊक. एका वर्षी त्यांनी मशिनीला झेंडूचा हार घातला, गंध लावलं, नारळ फोडला, आणि मग त्या इंजिनियरला पुढं करून केक कापायला लावला. सुरी नव्हती म्हणून लोखंडी पट्टी धुऊन घेतली. "आन् तो केरळवाला हसून राह्यला का रडून, काही कळंना," रामा सांगायचा. "म्हणला, माझ्या आईला फोटू पाठवतो. तिला खरं वाटणार न्हाई."

मग माझी पाळी. माझ्या बियाणे कंपनीत नाताळ म्हणजे वरून येणारा हुकूम असतो. हेड ऑफिसातून मेल येतो की अमुक दिवशी सगळ्यांनी लाल कपडे घालावेत. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकानं कुणाला तरी गुपचूप भेट द्यायची. मला एका वर्षी सरकीचा नमुना मिळाला, सुंदर कागदात बांधून. आणि सांताक्लॉज मीच. त्याचं कारण सांगायला नको. पहिल्या वर्षी आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी माझ्या पोटावर बांधायला उशी आणली होती, मला बघितलं आणि उशी न बोलता परत नेली. त्यानंतर कधी आणली नाही.

तुम्हाला एकदा मी आमच्या त्या कार्यक्रमाला नेलं, आठवतंय? घरच्यांना आणायची परवानगी होती आणि मला तुम्हाला दाखवायचं होतं की बघा, आमच्याकडं कसं थाटात असतं. हॉटेलचा हॉल, फुगे, माइक. तुम्ही आपले नेहमीसारखे आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पोशाखाची स्पर्धा होती. मॅडमनी तुम्हाला लांबून बघितलं आणि माइकवर जाहीर केलं, "बेस्ट कॉस्च्यूम! मेंढपाळ बनून आलेले आजोबा!" टाळ्या पडल्या. तुम्ही माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. तुम्ही शांतपणे जाऊन बक्षीस घेऊन आले. कंपनीचं नाव छापलेला एक कप.

परत येताना रिक्षात तुम्ही तो कप उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "बापू, म्या सोंग केलंच न्हाई, तं बक्षीस कशाचं?"

"मामा, चांगलं दिसलात म्हणून."

"अस्सं." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "जेवण बरं व्हतं. पण वाढलं कुणीच न्हाई. ज्यानं त्यानं उचलायचं. लग्नात पंगत उठल्यावर उरलंसुरलं खावं तसं वाटलं बाबा."

तो कप अजून तुमच्या गोठ्यात कोनाड्यात आहे. कोकरांना औषध पाजायला तुम्ही तो वापरायचे. कंपनीच्या नावाला इतका चांगला उपयोग दुसरीकडं कुठं झाल्याचं मला माहीत नाही.

तुमचा मुद्दा तुम्ही नेहमी शेवटी मांडायचे, करंजी तोडत तोडत. वाटूर फाट्याच्या अलीकडचा तो मिशनचा छोटासा दवाखाना. तिथं नाताळला डॉक्टर वाढपी. मोठ्या मॅडम पदर खोचून भात वाढणार, हाडांचे डॉक्टर रस्सा ओतणार, आणि झाडूवाली मावशी, आया, धोबी, ड्रायव्हर, राखणदार हे सगळे पंगतीत पहिले बसणार. हाडांच्या डॉक्टरांना रस्सा नीट ओतता येत नाही, ही तुमची जुनी तक्रार. "ऑपरेशनला हात हालत न्हाई म्हणं त्याचा. इथं माझ्या धोतरावर सांडतो." मटण असायचं, पण तुमची अट होती. मटण तुमच्या कळपातलं नको, आणि चूल अशी मांडायची की वास मेंढरांकडं जाऊ नये. "त्यांच्या देखत बरं दिसत न्हाई," असं म्हणून तुम्ही दोनदा रस्सा मागून घ्यायचे.

मेंढरं तिथं कशाला, तर नाटकाला. पंगतीआधी, दिवे लागायच्या वेळेला, दवाखान्याच्या पटांगणात सगळा स्टाफ मिळून येशूच्या जन्माचं नाटक करतो. त्यात मेंढपाळ लागतात. पुठ्ठ्याची मेंढरं करत होते आधी. तुम्ही कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांना म्हणाले, "हे काय कुत्री हायेत का?" आणि घरून खरी घेऊन आले. तेव्हापासून मेंढरंही तुमची आणि मेंढपाळही तुम्हीच. दुसरे मेंढपाळ म्हणजे कंपाउंडर आणि ॲम्ब्युलन्सवाले शेखभाई.

बाळ खरं. ही त्या दवाखान्याची आपली रीत. त्या आठवड्यात वॉर्डात जे मूल जन्मलं असेल ते गोठ्यातल्या गव्हाणीत, आणि त्याची आई शेजारी खुर्चीवर, डोक्यावर पदर घेऊन. जात, धर्म कुणी विचारत नाही. एका वर्षी जुळी होती आणि बाई म्हणाली, एकाला ठेवून एकाला उचलायचं तर मला जमायचं न्हाई. तर दोन्ही ठेवली. एका वर्षी मुलगी होती, तेव्हा शेखभाईंना शंका आली, "सिस्टर, चलेगा क्या?" सिस्टर म्हणाल्या, "रडतंय ना? मग चालतं."

गावात तुम्हाला कुणी तरी एकदा विचारलं होतं, "आबा, तुमचं काय काम तिथं? आपला सण हाये का तो?" मी तिथंच होतो. तुम्ही चिलीम झाडली आणि म्हणाले, "त्यांच्या गोष्टीत देवाचं पोरगं झालं तवा ती बातमी राजाला न्हाई सांगितली, पाटलाला न्हाई. पह्यले रानातल्या मेंढक्याला सांगितली. आपल्याला एवढ्या मानानं अजून कुणी बोलावलंय का? मंग न्हाई कसं म्हणायचं?" विचारणारा निघून गेला. पुढच्या वर्षी तो नाटक बघायला आला होता. पंगतीलाही बसला.

पण तुमचं आणि सिस्टरचं वाजायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सिस्टरच्या नाटकात असं होतं की रानात मेंढपाळ बसलेत, देवदूत येतो, बातमी सांगतो, आणि मेंढपाळ उठून बाळाला बघायला जातात. तुम्ही पहिल्या तालमीतच अडून बसले.

"आन् मेंढरं?"

"मेंढरं राहतील तिथंच, दादा."

"एकटी?"

"नाटक आहे हो."

"कोणता मेंढका मेंढरं टाकून जाईल, सिस्टर? लांडगा आला मंग?"

"पुस्तकात त्यांनी मेंढरं बरोबर नेली असं लिहिलेलं नाही."

"न्हाई नेली असं तरी लिहिलंय का?"

मग पहिली काही वर्षं तुम्ही मेंढरांसकट गेले. मेंढरांनी गव्हाणीतला कडबा खाल्ला, तारा लावलेला कागद खाल्ला, एकदा तर देवदूताच्या पंखांचा कापूस ओढला आणि देवदूत, म्हणजे लॅबमधली पोरगी, किंचाळून व्हरांड्यात पळाली. बाळ दचकून जे रडायला लागलं ते थांबेना. त्या वर्षी सिस्टरचं बरोबर होतं, आणि तुम्ही ते कबूलही केलं. मग तोड निघाली. बाकीचे जातील. तुम्ही पटांगणाच्या कडेला, कडुनिंबाखाली, मेंढरांपाशी थांबाल.

आणि तुम्ही थांबले. इतकी वर्षं त्या नाटकात काम करून तुम्ही त्या गव्हाणीपर्यंत एकदाही गेले नाहीत. यावरून मी तुमच्याशी भांडायचो. मी म्हणायचो, "मामा, रिटायर होऊनसुद्धा तुम्ही तिथंच बसता. एकदा तरी पुढं जा. समोरून बघा. मेंढरांना दोरी लावू. अखेर नाटकच आहे."

तुमचं उत्तर ठरलेलं. "नाटक तुमचं हाये बापू. मेंढरं खरीच हायेत ना."

"पण तुम्हाला तिथून दिसतं तरी काय? नाटकातले सगळे पाठमोरे."

"दिसतं तेवढं दिसतं."

यापुढं तुम्ही बोलायचे नाही. करंजीचा तुकडा तोंडात टाकायचे. माझ्या मते ते हरल्याचं लक्षण होतं, आणि मी दर वर्षी बायकोला तसं जाहीर करायचो.

एक गोष्ट मात्र तुम्ही कधी सांगितली नव्हती. ती मला यंदा सिस्टरकडून कळली. नाटक संपलं की त्या स्वतः बाळाला दुपट्यात गुंडाळून कडुनिंबाखाली आणायच्या आणि म्हणायच्या, "घ्या. तुम्ही येत नाही, तर तोच आलाय." तुम्ही हात लावायचे नाही, हाताला मेंढरांचा वास म्हणून. वाकून बघायचे आणि एकच विचारायचे, "सुखरूप?" आणि त्या म्हणायच्या, "सुखरूप." एवढाच संवाद, तोही नाटक संपल्यावर. त्या म्हणाल्या, फाटकावर ड्यूटी असतानाही तुमची हीच सवय होती. रात्री-बेरात्री बाई आत गेली की सकाळी पहिला प्रश्न, मुलगा का मुलगी नाही, "सुखरूप?"

तर त्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी तुम्हाला तुमच्याच शब्दात उत्तर दिलं होतं, मामा. तुम्ही विचारायच्या आधीच.

शेवटच्या आठवड्यातलं राहिलंच. तुम्ही खाटेवर, आणि खिडकीतून पटांगणातली तालीम ऐकू यायची. कंपाउंडर तेच वाक्य पुन्हा पुन्हा चुकायचा. तुम्ही नाकावरची नळी सरकवून माझ्याकडं बघितलं.

"जाणारे लय हायेत," तुम्ही म्हणाले. दम घेतला. "थांबायला कोण हाये?"

मी म्हणालो, "मामा, तोवर तुम्हीच उठून बसाल." दवाखान्यात बोलायचं असतं तसं. तुम्ही हसले नाही, रागावले नाही. नळी परत लावली. आपल्या दोघांत त्या विषयावर एवढंच झालं. तुम्ही मला थांबशील का असं विचारलं नाही, मी थांबतो असं म्हणालो नाही. एडक्यानं लहानपणी मला तुमच्याच अंगणात शेणाच्या ढिगात उडवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही माणूस बघूनच काम सांगायचे.

तुम्ही गेले आणि नाताळ तोंडावर आला. रामाला सुतक. सगळ्या भावकीला सुतक. मेंढरं बांधावर बें बें करतायत आणि यंदा त्यांना नाटकाला कोण नेणार हा विषय कुणी काढत नाही. सिस्टर भेटायला आल्या. अंगणात बसल्या, मामीचा हात हातात घेऊन बसल्या, तुमच्या पटक्याबद्दल बोलल्या, तुमच्या खोकल्याबद्दल बोलल्या. नाटकाबद्दल चकार शब्द नाही. जाताना मात्र मेंढरांच्या जाळीच्या कुंपणापाशी, वाघुराशी पाय रेंगाळला. मेंढरांकडं बघितलं आणि गेल्या.

त्या गेल्यावर मामी, जी चार दिवस एक अक्षर बोलली नव्हती, भिंतीला टेकल्या जागेवरून म्हणाली, "बाई बोलली न्हाई, पण मेंढरांकडं बघून गेली."

मामीनं बांधाकडं हात केला.

"मेंढरांना कुठं सुतक असतंय?"

रामा म्हणाला, "आये, मेंढरं जातील गं. पण संगं कोण जाईल? आपल्यातलं तं कुणी जाऊ शकत न्हाई."

मग अंगणातल्या सगळ्या नजरा हळूहळू माझ्याकडं वळल्या. मी मागं वळून बघितलं, माझ्या मागं कोण बसलंय ते. भिंत होती. बहिणीचा मुलगा, सुतक तीन दिवसांत फिटलेलं. अख्ख्या खानदानात शास्त्रानं मोकळा असा मी एकटा सापडलो होतो. आई म्हणाली, "त्याला? त्याला एडक्याचं भ्या वाटतंय." मामी म्हणाली, "एडका न्हाई नेत नाटकाला. माद्याच असत्यात." माझी इज्जत तिथंच संपली.

निघताना मामीनं तुमची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. मला भरून आलं. वाटलं, आता मेंढरं या घोंगडीचा वास घेणार, त्यांना त्यांचा धनी आठवणार, ती माझ्या मागं मुकाट चालू लागणार. असं कुठं तरी व्हायला हवं होतं. मेंढरांनी घोंगडी हुंगली. एक शिंकली. बाकीच्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि बांधावरचं गवत ओढायला सुरुवात केली. रामा सुतकातला, म्हणून लांब उभं राहून ओरडत होता, "घोंगडी दाखवून काय करून राह्यला बापू? शेळीला पुढं घे! शेळीला!" कळपापुढची ती तुमची काळी शेळी. तिला बाभळीच्या शेंगा दाखवल्या आणि ती निघाली, तिच्या मागं सगळी निघाली, सगळ्यांच्या शेवटी मी. घोंगडी सावरत, पोट सावरत. वाटेत दोन मोटरसायकली थांबल्या. एकानं विचारलं, "सायेब, चुकून राह्यले का?"

हेही सांगितलं पाहिजे, मामा. मला वाईट नाही वाटलं. तुमच्या मेंढरांनी तुमच्यासाठी एक पायही अडवला नाही. पोट आहे, रस्ता आहे, पुढं शेळी आहे, ती चालली. तुम्ही त्यांना सांभाळलं ते असंच ना, की तुम्ही नसलात तरी ती चालावीत.

पटांगणात दिवे लागले होते. सगळा स्टाफ बाकांवर, आया लेकरांना मांडीवर घेऊन. मला कडुनिंबाखाली बसवलं. शेखभाई काठी घेऊन माझ्या शेजारी, कंपाउंडर पलीकडं. देवदूत आला, या वर्षी कापूस नव्हता, चांदीचा कागद होता. त्यानं बातमी सांगितली. कंपाउंडर आपलं वाक्य पुन्हा चुकला. मग ते दोघं उठले.

खरं सांगायचं तर सिस्टरनी मला तालमीतच म्हटलं होतं, "साहेब, तुम्ही जायचं तर जा. दोन आयांना बसवते इथं. दादांची गोष्ट वेगळी होती." आणि मी जायचं ठरवलंही होतं. तेवढ्यासाठी धोतर नेसलो होतो, रामाचं. इतकी वर्षं ज्यावरून भांडलो ते एकदा समोरून बघावं असं मनात होतं. शेखभाईंनी हात पुढं केला. "चलो बापू भाई, चलते हैं ना?"

मी अर्धा उठलो. मागून धोतर ओढलं गेलं. तुमची काळी शेळी काष्ट्याचं टोक तोंडात धरून निवांत चघळत होती. एक कोकरू माझ्या चपलेवर बसलं होतं. एक मेंढी ॲम्ब्युलन्सच्या दिव्याकडं बघून दोन पावलं सरकली होती, आणि तिच्यामागं दुसरी सरकायच्या बेतात होती. आणि मामा, मला काही भक्ती सुचली नाही, तुमची आठवणही आली नाही. मला फक्त एवढंच वाटलं की मी उठलो तर ही त्या दिव्याखाली जातील.

"आप जाव," मी शेखभाईंना म्हणालो. "मैं रुकता."

शेखभाईंनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग काठी टेकत ते गव्हाणीकडं निघाले, आणि जाता जाता मागं न बघता म्हणाले, "मालूम था."

मी बसलो. मेंढी परत आली. आणि तेव्हा मला दिसलं.

मामा, तुम्ही इतकी वर्षं मला हे सांगितलं का नाही? तिथून गव्हाणी दिसत नाही, हे माझं खरंच होतं. पण तिथून तोंडं दिसतात. बाकांवर बसलेल्या सगळ्यांची. दिव्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर, आणि कुणाला कळत नाही की कुणी बघतंय. झाडूवाली मावशी तोंडावर पदर धरून हसत होती. हाडांचे डॉक्टर, ते रस्सा सांडणारे, त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. एक बाई वॉर्डातून सलाइनची बाटली हातात धरून आली होती आणि तिचा नवरा तिची बाटली उंच करून उभा होता, आणि दोघं ते बाळ बघत होते. राखणदारानं बसावं अशी जागा ती. तुम्ही हरलेले नव्हते तर. तुम्ही करंजी खात होते.

नाटक संपलं. टाळ्या झाल्या. सिस्टरनी गव्हाणीतून बाळ उचललं, दुपट्यात घेतलं आणि सवयीनं सरळ कडुनिंबाकडं चालत आल्या. अर्ध्यात त्यांच्या ध्यानात आलं. पाय थांबले. मी बघत होतो, त्यांनाही कळलं की मी बघतोय. मग त्या पुढं आल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. दुपटं जरा बाजूला सारलं. "तुम्ही येत नाही, तर तीच आलीय."

मुलगी होती, वाटूरजवळच्या कुठल्याशा वस्तीवरची. डोळे मिटून, एवढीशी मूठ वर करून झोपलेली. मी हात मागं घेतला. हाताला शेळीचा वास होता. तोंडातून निघालं ते एवढंच.

"सुखरूप?"

"सुखरूप," सिस्टर म्हणाल्या, आणि आम्ही दोघांनी दुसरीकडं बघितलं.

पंगतीत हाडांच्या डॉक्टरांनी मला रस्सा वाढला. धोतरावर सांडला. रामाचं धोतर, मी काही बोललो नाही. केकचा कडेचा तुकडा मी मागून घेतला, कागदात बांधून मामीसाठी ठेवला. सुतकात चालतो की नाही ते विचारलं नाही.

परतताना शेळीला शेंगा दाखवायची गरज पडली नाही. घराची वाट तिला माझ्याहून जास्त ठाऊक. अंगणात कंदील होता आणि मामी उंबऱ्यावर बसली होती. तिनं नाटक कसं झालं ते विचारलं नाही, लोक किती होते ते विचारलं नाही. मेंढरं तिच्यासमोरून एकेक करून वाघुरात शिरत होती आणि तिची मान प्रत्येक मेंढराबरोबर हलत होती. शेवटचं कोकरू आत गेलं.

"सगळी?" तिनं विचारलं.

"सगळी, मामी. सुखरूप."

तिनं मोठा श्वास सोडला. तुम्ही गेल्यापासून तिचा असा पूर्ण श्वास मी पहिल्यांदा ऐकला. मग ती ओसरीत वळली, तुमच्या रिकाम्या बाजेकडं, जिच्यावर अजून कुणी बसत नाही, आणि रोज संध्याकाळी सांगायची तशा आवाजात म्हणाली,

"ऐकलं का वो? समदी आली. आता निजा."